तोंड उघडं असलेला देवदूत

खाडीकाठच्या चर्चात वेदीचं लाकडी काम कैतानचं. काय ते काम, पोरांनो! पिळदार खांब, खांबांवर चढलेले द्राक्षवेल आणि गुबगुबीत गालांचे इवले देवदूत. बघावं तर आत्ता उडतील! पण सगळ्यांत वरच्या देवदूताला चेहराच नव्हता. तो कोरायच्या आधीच कैतानच्या डोळ्यांत धुकं उतरलं.

घरात चूल कशीबशी पेटायची. लेक नातालीन पेज भरवायची, नि तो विचारायचा, “बाय, सण कधी गं?”

“आहे अजून, बा,” ती म्हणायची. सण तर तोंडावर आलेला, नि वरचा देवदूत अजून तसाच बिनचेहऱ्याचा.

एका दुपारी ती चर्चामागच्या चाफ्याखाली रडत बसली. तर एका फुलातून चिमुकली परी डोकावली. केशरी पंखुले, पायांत चांदण्यांचे पैंजण!

“काय हवंय, रडूबाई?”

“माझ्या बाचे डोळे.”

परीनं इवलासा सोन्याचा वर्ख दिला. “वरच्या देवदूताच्या कोऱ्या चेहऱ्यावर लाव. पण चिकटेस्तोवर तोंडातून शब्द नको. बोललीस की संपलं.”

“कैतानची लेक आहे मी! वर्ख लावताना आमच्याकडे माशीसुद्धा शिंकत नाही.”

ती वेदीसमोरच्या बांबूच्या परांचीवर चढली. हात पुरेना, म्हणून खालची फळी ओढून वर घेतली. वर्ख चेहऱ्याला टेकला. कडा थरथरत होत्या.

तेवढ्यात खालून आवाज आला, “बाय, कुठं आहेस? पेज निवली.”

कैतान बांबू चाचपत वर येत होता. “माझीच परांची, पाठ आहे मला,” असं पुटपुटत. पुढचं पाऊल पडणार होतं त्या फळीवर, जी आता तिथं नव्हतीच!

नातालीननं खाली पाहिलं. बोलावं तर डोळे गेले. न बोलावं तर बाच गेला.

“बा, थांब!”

वर्ख उडाला. गिरक्या घेत, लखलखत खाली निघाला. कैताननं उचललेला पाय मागे घेतला, घाबरून मान वर केली, आणि वर्खाचे दोन तुकडे होऊन त्याच्या दोन्ही पापण्यांवर अलगद बसले.

त्यानं डोळे मिचकावले. “बाय... केवढं तोंड उघडलंयस गं!”

“नियम मोडलास, वेडे,” कोरीव वेलाआडून परी हसली. “पण वर्खाला आपली जागा बरोबर कळली.” चर्चभर सोनेरी उजेड झाला, आणि मागे उरला नुसता चाफ्याचा वास.

सणाला फादरनी वर, कैताननं नुकत्याच कोरलेल्या चेहऱ्याकडे बघितलं. “कैतान, बाकी सगळे देवदूत ओठ मिटून. हा एकटाच गातोय का?”

“नाही, फादर. हाक मारतोय.”