नदीतला पडदा

रिओ ग्रांदे नदी अमेरिका आणि मेक्सिको यांच्या मधून वाहते. एल बादो गावापाशी तिचं पाणी गुडघ्याच्या वर जात नाही. तिथे पात्रात दोन लाकडी खांब उभे आहेत. गावातले म्हातारे क्रेसेन्सिओ पाहुण्यांना सांगतात, की मूकपटांच्या काळात या खांबांना पडदा बांधत. अमेरिकेच्या काठावरचे लोक समोरून बघत, मेक्सिकोच्या काठावरचे मागून. दोन्ही काठांची भाषा स्पॅनिश; पडद्यावरचं इंग्रजी कोणालाच येत नसे. म्हणून अलीकडे, अमेरिकेच्या काठावर राहणारी, शाळेत इंग्रजी शिकलेली एलोदिया पाण्यात उभी राहून चित्रांमध्ये येणाऱ्या प्रत्येक लेखी पाटीचा अर्थ दोन्ही काठांना मोठ्याने सांगे. तिचा धाकटा भाऊ नाबोर पलीकडे, मेक्सिकोत शेळ्या राखी.

एका पटात, म्हणे, अमेरिकेच्या हद्दीवरचे घोडेस्वार या काठांवरच्या लोकांसारख्याच माणसांच्या मागे लागले होते. पाटीवर लिहिलं होतं, 'ही जात चोरांची. दिसेल तिथे गोळी घाला.' एलोदियाने पलीकडे पाहिलं. नाबोर लेकीला खांद्यावर घेऊन हसत होता. तिची जीभ रेटेना. ती म्हणाली, "हे स्वार वाट चुकलेल्यांना घरी पोहोचवतात."

"मग एवढे पिटाळतात कशाला?" पलीकडून कोणी ओरडलं.

"सगळे तुझ्यासारखेच आळशी म्हणून रे, मेल्या!" एलोदियाने उत्तर दिलं.

दोन्ही काठ खदखदून हसले.

महिनाभराने नाबोरची एक शेळी नदी ओलांडून अलीकडे आली. तिच्यामागे तो आणि शेजारचा तोमास आले. हद्दीवरचे खरे स्वार दिसताच तोमास बोरूच्या बेटात दडला.

"खाली बस, येड्या!"

"अरे, ताईने सांगितलंय ना, हे घरी पोहोचवतात," असं म्हणत नाबोर हात हलवत त्यांना सामोरा गेला. त्याला गोळी लागताना तोमासने पाहिलं.

तोमासने ते शब्द एलोदियाला जसेच्या तसे सांगितले. पुढच्या खेळाला तिने पाण्यात उभं राहून आपलं खोटं दोन्ही काठांपुढे कबूल केलं. कोणी शिवी दिली नाही. नाबोरची बायको चेला एवढंच म्हणाली, "वन्सं, मग खरं काय लिहिलं होतं?"

एलोदियाने सांगितलं. त्यानंतर एकवीस वर्षं प्रत्येक खेळाआधी चेलाने तेच विचारलं आणि एलोदियाने तेच सांगितलं. आज तरी ही विचारणार नाही, असं तिला दर वेळी वाटे, असे सांगतात.

आता चित्रपट बोलतात, तेही यांच्याच भाषेत. तरी आजही खेळाआधी पलीकडून एक बाई तोच प्रश्न विचारते आणि अलीकडची एक पाटीवरचं ते वाक्य सांगते. पोरं कंटाळतात, "पुरे, पिक्चर लावा!" म्हणून ओरडतात. ते वाक्य पुरं होईपर्यंत मात्र कोणी दिवा मालवत नाही.