यंत्राला कुठे घाम येतो?

जळगावच्या एका सहकारी बँकेतला सर्व्हर उन्हाळ्यात रोज दुपारी तापून बंद पडायचा आणि खातेदार ताटकळत बसायचे. संगणक विभागाच्या प्रमुख मृणाल नेहेते यांनी सर्व्हरच्या खोलीसाठी एसी मागितला.

आपल्या गारेगार केबिनमध्ये बसलेले अध्यक्ष भंगाळेसाहेब हसले. "अहो ताई, एसी घाम येणाऱ्यांसाठी असतो. यंत्राला कुठे घाम येतो?"

"तीच तर पंचाईत आहे, साहेब," मृणालताई शांतपणे म्हणाल्या. "घामानं अंग गार होतं, म्हणून माणसाचं पंख्यावर भागतं. यंत्राला बिचाऱ्याला ती सोय नाही. तेव्हा नवा एसी राहू द्या. हा तुमचाच तिकडे हलवते आणि तुम्हाला छानसा पंखा लावून देते."

साहेबांनी घाईघाईनं पेन उघडलं.

"नवाच घ्या, ताई! आणि चांगला मोठा घ्या!"