दोन फेरे

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंगरमाथ्यावरच्या एका गावात तेव्हा एकच मोटार होती. गावातलं आजारी माणूस असो की अडलेली बाई, घाटाखालच्या दवाखान्यात न्यायचं म्हणजे तीच मोटार. भिवा नावाचा मनुष्य ती चालवी.

मोटार म्हातारी झाली होती. सुरू करताना पोटात खडखड वाजे आणि उभी असेल तिथे तेलाचा डाग पडे. भिवाने ती गावच्या मिस्त्रीकडे नेली. आसपासच्या गिरण्यांची, पंपांची इंजिनंही दुरुस्त करणाऱ्या या मिस्त्रीला सगळे वस्ताद म्हणत. त्याने एकदा बंद केलेलं इंजिन पुन्हा उघडावं लागत नाही, अशी त्याची ख्याती होती.

वस्तादाने कान लावून आवाज ऐकला. "टायमिंगची साखळी ढिली झालीय भिवा. ती बदलू, आणि झाकणांखालची सगळी गॅस्केटंही नवी घालू, म्हणजे तेल गळायचं थांबेल."

"पण परवापर्यंत हवी हो गाडी," भिवा म्हणाला. "रंगीचे दिवस भरलेत. पहिलटकरीण आहे, आणि सुईण म्हणते मूल आडवं आहे."

रंगी ही भिवाची एकुलती एक लेक. वस्तादाने मान हलवली आणि कामाला लागला.

इंजिनाच्या पोटातली ही साखळी सायकलच्या चेनसारखीच असते. वरचं दातेरी चाक आणि खालचं दातेरी चाक तिच्यामुळे एका तालात फिरतात. दोन्ही चाकांवर खुणा असतात. त्या जुळवूनच साखळी चढवायची, नाहीतर इंजिन वाटेतच बंद पडायचं. मग झाकण लावण्याआधी इंजिन हाताने पुरते दोन फेरे फिरवायचं आणि खुणा पुन्हा जागच्या जागी येतात की नाही ते पाहायचं. वस्तादाच्या गुरूने त्याला हे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साखळी चढली. तेवढ्यात गावकरी जमले. त्या गावची एक रीत होती. दुरुस्त इंजिनाचं झाकण लागलं की त्याच्यापुढे नारळ फोडायचा आणि सगळ्यांनी खोबरं खायचं. नारळ फोडल्यावर इंजिन पुन्हा उघडणं म्हणजे मिस्त्रीची नामुष्की आणि गाडीला अपशकुन.

"वस्तादासारखा हात पंचक्रोशीत नाही!" कुणी तरी म्हणालं. दुसऱ्याने जुनी आठवण काढली. वस्तादही खुलला आणि बोलता बोलता त्याने झाकण बसवलं. नारळ फुटला. भिवा किल्ली लावायला गाडीत बसला.

आणि वस्तादाचा घास तोंडातच राहिला. दोन फेरे फिरवले का आपण? त्याला काही केल्या आठवेना.

त्याचं मन म्हणालं, फिरवले असशील रे. इतक्या वर्षांचा हात आहे तुझा. आणि उद्या घाटात काही झालंच, तर लोक म्हाताऱ्या गाडीला नावं ठेवतील, तुला कोण विचारतंय? हे पटण्यासारखं होतं. पण त्याला रंगी दिसली, अर्ध्या घाटात, बंद पडलेल्या गाडीत.

"भिवा, थांब. किल्ली काढ," तो म्हणाला. "इंजिन उघडायचंय. फेरे फिरवले की नाही, मला आठवत नाही."

मग पिठाच्या गिरणीचा म्हातारा मालक हसत म्हणाला, "अहो, खोबरं पोटात गेलं आमच्या! आता आठवण होतेय? साखळीच्या आधी हा म्हातारा वस्तादच बदलायला हवा होता!"

लोक खो खो हसले आणि पांगले. भिवाचा चेहरा उतरला. "वस्ताद, उद्या पहाटे निघायचंय मला."

"म्हणूनच उघडतोय."

झाकण निघताना नवं गॅस्केट फाटलं. दुसरं नव्हतं. वस्ताद आत वाकला, खुणा पाहिल्या आणि तसाच थबकला. साखळी एक दात पुढे बसली होती. मुकाट्याने सरकवली असती तर भिवाला पत्ताही लागला नसता.

"भिवा, इकडे ये. ही खूण इथं हवी होती. ती तिथं आहे. माझी चूक."

भिवाने निरखून पाहिलं. "तुम्ही सांगितलं नसतं, तर मला काय कळणार होतं?"

"काहीच नाही," वस्ताद म्हणाला. "धर ते झाकण."

वस्तादाने साखळी नीट चढवली. मग जाड कागद झाकणावर अंथरून तो कडेकडेने हातोडीने हलके ठोकू लागला. कागद कडेला कापला जाई आणि झाकणाचा हुबेहूब आकार उतरे. असं गॅस्केट तयार झालं. मग इंजिन हाताने फिरवताना त्याने मोठ्याने मोजलं, "एक... दोन." खुणा समोरासमोर आल्या. त्या त्याने भिवालाही दाखवल्या आणि मगच झाकण बसवलं. नारळ काही आणला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी घाट उतरली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी शर्थ केली आणि दुपारी रंगीला मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. परत आल्यावर भिवाने चावडीवर सगळी हकिकत जशीच्या तशी सांगितली, वस्तादाच्या चुकीसकट.

आता आपल्याकडे कोण येणार, असं वस्तादाला वाटत होतं. पण आठवड्याच्या आत गिरणीचा म्हातारा मालक दारात उभा राहिला. त्याच्या गिरणीचं इंजिन बैलगाडीत घातलेलं होतं.

"वस्ताद, हे तुम्हीच बघा."

"मी म्हातारा झालोय ना?" वस्ताद म्हणाला.

"झालाय की! हवं तर दहादा उघडा. पण तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हाती मी हे देणार नाही."

मुलांनो आणि थोरांनो, ज्याचा हात कधी चुकत नाही असा माणूस जगात नाही. आपली चूक आपल्या तोंडाने सांगून ती निस्तरतो, त्याच्यावरच लोक जीव सोपवतात.