कोरा तारा

एका राज्यात पाण्याहून वाळू उदंड आणि वाळूहून तारे उदंड होते. वाळूवर पाऊलखूण टिकत नसे, म्हणून उंटांचे तांडे ध्रुवाकडे बघून वाट चालत. राजधानीजवळच्या उभ्या कड्यावर चितारीण सुवेणीने बारा वर्षे खपून सारे आकाश रंगवले होते, तेही त्याच वाळवंटातले तांबडे, पिवळे, काळे दगड कुटून. ध्रुवाची जागा मात्र तिच्या चितारी घराण्याच्या रिवाजाने कोरी होती. बाकी तारे फिरतात, ध्रुव फिरत नाही. म्हणून तिथे रंग नाही, नुसता अढळ दगड.

राजा तेजोवर्मा चित्र पाहून म्हणाला, "चितारीण, एक तारा विसरलीस."

सुवेणीला रिवाज सांगता आला असता. पण दरबाऱ्यांदेखत चूक काढलेली तिला कुठली खपायला! तिने राजाकडून मूठभर सोने घेतले आणि ती जागा मढवली.

ते सोने होते राजाने एका मांत्रिकाकडून लुटलेल्या खजिन्यातले. त्या सोन्याला शाप होता: ज्यावर बसेल त्याला जागेवर राहू देणार नाही. त्याच सांजेला आकाशातला ध्रुव हलला, आणि चाळीस उंटांचा तांडा घेऊन गेलेला तिचा नवरा भद्रसेन वाट चुकला.

सुवेणीने छिन्नीने सोने खरवडले. सोने ढिम्म हलेना. ती ढसाढसा रडली, मग तिने पदर खोचला.

कड्याखाली उभा माळढोक मान उंचावून बोलला, "बाई, कामे तीन. मेलेल्या समुद्राचे पाणी आण. आकाशाचे लोखंड आण. आणि सोने निघाल्यावर कुणी हसले, तर चूक आपली म्हण, कुंचला उचलू नकोस. तांड्याकडे बारा दिवसांचे पाणी उरले आहे."

"तिसरे तर सोपे," सुवेणी म्हणाली.

"बघू," पक्षी म्हणाला.

दूरच्या टेकडीत, जिथे कधीकाळी समुद्र होता, दगड झालेले शंख होते. त्यांच्यातून अजून खारे पाणी पाझरे. वाटीभर साठायला पाच दिवस लागले. मग ती उल्का पडून झालेल्या खड्ड्यात उतरली. तिथला यक्ष म्हणाला, "लोखंड ने. पण वाटेत टेकवलेस तर ते परत आकाशात जाईल." सहा दिवस तिने ते धगधगते लोखंड उराशी धरले. हात पोळले, पण तिने ते टेकवले नाही.

बाराव्या सांजेला तिने खाऱ्या पाण्याने सोने भिजवले, लोखंडाने खरवडले. सोने वाळू होऊन गळून पडले. तेवढ्यात राजा दरबाऱ्यांसह आला.

"पुन्हा तोच डाग? बारा वर्षांत एक तारा जमला नाही?"

सगळे हसले. सुवेणीचे कान तापले. पोळलेला हात आपसूक कुंचल्याकडे गेला. मग तिला भद्रसेनाचे कोरडे ओठ दिसले.

"चूक माझी, महाराज. विसरले."

कुंचला तिने वाळूत टाकला. आकाशात ध्रुव आपल्या जागी येऊन थांबला. दोन घटकांनी उंटांच्या घंटा ऐकू आल्या, आणि चाळीसही उंट आले. सोन्याचा शाप कळताच राजा शरमला, खजिना मांत्रिकाला परत गेला.

अजूनही कुणी वाटसरू कड्याकडे बोट करतो, "बाई, एक तारा राहिला."

"हो, विसरले," म्हणत सुवेणी भद्रसेनाच्या उंटाला पाणी पाजायला जाते.