चिमाची वेणी आणि निळा मोगरा

हिरव्यागार डोंगराच्या पायथ्याशी, सुपारीएवढ्या चिमुकल्या झोपडीत चिमा, तिची आई आणि धाकटी ठकू राहायच्या. आई फुलांच्या वेण्या गुंफून विकायची. पण त्या वर्षी वाताने आईची बोटं आणि गुडघे असे आखडले की साधी कळीसुद्धा धरवेना, बाजारापर्यंत चालवेना. मडक्यातलं पीठ संपलं. आई डोळे पुसत म्हणाली, "चिमे, ठकूला आता सात डोंगरांपलीकडे मावशीकडे धाडावं लागणार. तिथे पोटभर जेवेल तरी."

ठकू अवघी चार वर्षांची. चिमाच्या परकराचं टोक मुठीत धरल्याशिवाय तिला झोप येत नसे.

त्याच दिवशी दवंडी आली. राणीसाहेबांना वेणी गुंफणारी हवी! उद्या बागेत यावं, बोलावं, काम करून दाखवावं. सूर्य डोक्यावर आला की फाटक बंद.

आता चिमाचे हात म्हणजे जादूच. पण परक्या माणसापुढे तिची जीभ टाळूला चिकटायची, म्हणून बाजारात वेण्या विकणं तिला जमत नसे. कुणी नाव विचारलं तरी पायाच्या अंगठ्याने माती उकरत उभी राहायची. हा काही गुण नव्हे, पोरींनो! लाजाळूपणाचं कौतुक करणाऱ्यांच्या घरातलं पीठ एकदा संपू द्या, मग बघू.

सकाळी चिमा धुतलेला, ठिगळांचा परकर नेसून निघाली. रानात जाईजुईच्या जाळीवर दवाचे थेंब लुकलुकत होते. लाल, निळे, केशरी, मोरपंखी! त्यांत एक थेंब मात्र रडत होता.

चिमा वाकून बघते तो काय! कोळ्याच्या जाळ्यात अडकलेली अंगठ्याएवढी परी! तिचे चंदेरी पंखुले धाग्यांत गुरफटले होते.

"हलू नकोस हं, मला राणीसाहेबांच्या बागेत वेळेत पोचायचंय," चिमा म्हणाली. फुलांशी आणि पाखरांशी बोलताना तिची जीभ कधी अडखळत नसे. तिने एकेक धागा नखाने अलगद सोडवला. सोडवलेला प्रत्येक धागा पुन्हा फांदीला चिकटवला.

"अगं, तुला उशीर होतोय ना? तोडून टाक की ते जाळं!" परी म्हणाली.

"त्या कोळ्याने रात्रभर खपून बांधलंय ते. तुला सोडवते, पण त्याचं घर कशाला मोडू?"

परी खुदकन हसली. तिच्या हसण्यातून सोनेरी भुकटी उडाली. "मी दहिवरी. दवातली परी. तुला एक इच्छा देते. एकच! काय हवं? रेशमी परकर? मोत्यांचे डूल?"

चिमाने क्षणभर डोळे मिटले. "मला न घाबरणारा आवाज दे."

"दिला! पण नियम ऐक. स्वतःबद्दल एक शब्द जरी खोटा बोललीस, तर हा आवाज जाईल, आणि तुझा जुनाही जाईल. मग आयुष्यभर मुकी!"

दहिवरी चिमाच्या केसांत लपून बसली आणि दोघी धावत सुटल्या. फाटक बंद होता होता चिमा आत शिरली.

बागेत संगमरवरी ओट्यावर बागेची कारभारीण लाखाबाई बसली होती. मोठं कुंकू, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, नजर अशी की गुलाबाने काटे लपवावेत. तिच्यासमोर कामासाठी आलेल्या मुलींच्या रांगेत सगळ्यांत पुढे जरीच्या परकरातली रूपावती ऐटीत उभी होती.

"निळा मोगरा गुंफलायस कधी?" लाखाबाईने विचारलं.

"निळा मोगरा? अगंबाई, आमच्या परसात ढिगाने फुलतो! झोपेतसुद्धा गुंफते मी!"

पुढच्या मुलीनेही मान डोलावली. तिसरी म्हणाली, "आमचा तर जास्तच निळा असतो, बाई."

मग चिमाची पाळी आली. नाही म्हटलं तर काम गेलं, ठकू गेली. हो म्हटलं तर आवाज गेला. तिने मान वर केली.

"नाही, बाई. मी निळा मोगरा पाहिलासुद्धा नाही. असला तर दाखवा, शिकून घेईन."

बाकीच्या फिदीफिदी हसल्या. लाखाबाई हसली नाही. "मग येतं काय तुला?"

"पांढरा मोगरा, अबोली, जाई, बकुळ. केळीच्या खोडाचा दोरा भिजवून गुंफते. वेणी सैल होत नाही."

"बोलणं पुरे. करून दाखवा."

सगळ्यांसमोर फुलांच्या परड्या आल्या. रूपावतीने पूर्ण उमललेली टपोरी फुलं उचलली. तिची वेणी बघता बघता चांदण्यासारखी झाली. चिमाने मात्र मिटलेल्या, हिरवट कळ्या वेचल्या.

"काय गं ही," लाखाबाईने नाक मुरडलं, "राणीसाहेबांच्या डोक्यावर तांदूळ माळायचेत का?"

केसांतून दहिवरी कुजबुजली, "फुंकर घालू? आत्ता उमलवते!"

"नको गं," चिमा पुटपुटली, "आत्ता उमलल्या तर संध्याकाळी माना टाकतील." मग ती मोठ्याने म्हणाली, "बाई, राणीसाहेब वेणी कधी माळणार?"

"दिवेलागणीला. मेजवानी आहे."

"मग दिवेलागणीलाच बघा. मोगरा माणसाच्या घाईने उमलत नाही."

लाखाबाईने सगळ्या वेण्या ओल्या फडक्याखाली झाकल्या. दुपार कलली, आभाळ गुलाबी झालं, मग जांभळं झालं. राणीसाहेब आल्या. फडकं उचललं, तर रूपावतीची वेणी तपकिरी पडलेली! आणि चिमाच्या वेणीत एकेक कळी डोळे उघडत होती. एक, दोन, दहा, शंभर! सुगंधाने सारी बाग न्हाऊन निघाली. राणीसाहेबांनी वेणी तिथेच अंबाड्यावर माळली.

"उद्यापासून ये," लाखाबाई म्हणाली. "निळा मोगरा पृथ्वीवर कुठेच नसतो, पोरी. नाही म्हणणारी तू एकटीच निघालीस."

"मला दोन गोष्टी विचारायच्यात," चिमा म्हणाली.

"तू? मला विचारणार?"

"काम मी करणार ना, बाई? धाकटी बहीण आहे, तिला सोबत आणलं तर चालेल? आणि आठवड्याचा शिधा आज मिळेल का? घरी पीठ नाही."

बागेतले माळी झाऱ्या खाली ठेवून बघू लागले. लाखाबाई मात्र पोट धरधरून हसली. "आण तिला! शिधाही घेऊन जा!"

तेवढ्यात बागेतले हजार दिवे एकदम लागले. दहिवरी केसांतून भिरभिरत वर गेली, चिमाच्या नाकाला तिने इवलासा पापा दिला, आणि त्या सोनेरी उजेडात उजेड होऊन मिसळून गेली.

डोक्यावर पिठाची पिशवी घेऊन चिमा धावतच घरी आली.

"काय म्हणाल्या गं राणीसाहेब?" आईने दारातूनच विचारलं.

"ते सगळं नंतर, आई. आधी ठकूला जेवू घालून निजव. उद्या आम्हा दोघींना लवकर कामावर जायचंय."