सायकलीने निवडलेला कॅमेरा

कॅमेऱ्यात रीळ घालायचे दिवस होते, आणि तेव्हा वस्तू आपसांत बोलत.

पत्नी गेल्यापासून विश्वंभरराव रोज सायकलवर लांब जात, पण वाटेत कुणाशी बोलत नसत. एकदा सोबत न्यायला छोटा कॅमेरा घ्यावा म्हणून ते दुकानात शिरले. दाराशी टेकलेल्या सायकलीने दारालगतच्या काचेआडच्या दोन कॅमेऱ्यांना विचारलं, "काय रे, तुमच्यात फरक काय?"

"डोंगरावरच्या शेळीची दाढीसुद्धा मी रस्त्यावरून टिपतो," पहिला म्हणाला. "साहेबांना सायकलवरून उतरायलाही नको. हा शेजारचा अगदीच साधा!"

"खरंय, मला लांबचं जमत नाही," दुसरा ओशाळला. "माणसाचा फोटो हवा, तर जवळ जावं लागतं."

"किती जवळ?"

"बोलता येईल इतकं."

सायकलीने जोरात घंटी वाजवली. विश्वंभररावांनी वळून पाहिलं, तर समोर दुसरा कॅमेरा होता. त्यांनी तोच घेतला.

दुसऱ्या दिवशी वाटेवरच्या एका अंगणात एक बाई शेवया वाळत घालत होती. विश्वंभरराव उतरले, कॅमेरा डोळ्याला लावून चार पावलं पुढे गेले, मग आणखी चार.

"अहो दादा, आता शेवयांवरच पाय देता का?" बाई हसली. "बसा तिथं. पाणी देऊ?"

"द्या," विश्वंभरराव म्हणाले.