माडवाला आणि भुंगे

फार पूर्वी, खाडीकाठच्या एका गावात एक माडवाला राहत होता. परसात त्याचे नऊ माड होते आणि नाकावर सदा राग. लोक म्हणत, "याचे नारळ गोड, पण जीभ तिखट."

परसाच्या कोपऱ्यात शेणखताचा उकिरडा होता, पुरुषभर उंच. ज्याचा उकिरडा मोठा त्याचं घर मोठं, असं त्या गावात मानत. माडवाला वरवरचं खत काढून माडांना घाली, पण ढीग कमी दिसू नये म्हणून तळ कधी उपसत नसे.

एका वर्षी पावसाळा सरला आणि माडांच्या झावळ्या कात्रीने कातरल्यासारख्या दिसू लागल्या. माडवाला वर चढला. शेंड्यात भोक होतं आणि भोकातून चोथा बाहेर आला होता. त्याने तारेचा आकडा आत घातला आणि एक काळा, शिंगवाला भुंगा ओढून काढला. खाली येऊन टाचेने चिरडला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माडात तसाच भुंगा. मग तिसऱ्यात.

त्याचं डोकं फिरलं. कुंपणापलीकडे एक विधवा एकटी राहत होती. तिचा एकच माड, जुना, याच्या परसावर झुकलेला. माडवाला कुंपणाशी जाऊन गरजला, "काकी, हा तुझा माड म्हणजे भुंग्यांची धर्मशाळा झालीय! पाड तो!"

"अरे मेल्या, माझ्याही माडाला भोकं पडलीत. दिसत नाहीत का?" काकी म्हणाली. "याच माडावर माझं वर्षाचं कालवण चालतं. तो पाडून खाऊ काय? तुझ्या शिव्या?"

"खा! त्यांना तरी कीड नाही लागलेली."

"त्यांनाच तर लागलीय रे."

ऐकणारे हसले. माडवाल्याला ते हसू झोंबलं. तो दारोदार काकीच्या नावाने बोंबलत फिरला आणि शेवटी गाऱ्हाणं घेऊन पंचांकडे गेला. पंच म्हणाले, "सोमवारी देवळात ये. देवापुढचा नारळ उचल आणि शपथेवर सांग, की उपद्रव तुझ्या परसात नाही. मग तिचा माड पाडू."

"हात्तिच्या! एवढंच ना?" माडवाला म्हणाला.

रविवारी त्याची बायको वांग्यांना खत घालायला निघाली. चांगलं मुरलेलं खत हवं म्हणून तिने उकिरड्याच्या बुडाशी कुदळ मारली आणि ओरडली, "अहो, इकडे या आधी!"

खतात अंगठ्याएवढ्या जाड, पांढऱ्या अळ्या वेटोळी करून पडल्या होत्या. माडवाल्याने कुदळ हिसकावून घेतली. जितकं उकरावं तितक्या अळ्या. अगदी तळाशी एक नवा भुंगा निघाला. पाठ अजून तांबूस होती, पण शिंग पुरतं फुटलेलं.

माडवाल्याला सगळं कळून चुकलं. आणि कळलं तशी तळपायाची आग मस्तकात गेली. अळ्यांवर नव्हे, बायकोवर. हिला आजच वांगी आठवायची होती?

"बरं झालं, वेळेवर कळलं," बायको म्हणाली. "उद्या पंचांना सांगा. ढीग उन्हात पसरू. कोंबड्या सगळ्या अळ्या फस्त करतील."

"आणि गाव काय म्हणेल? स्वतःच्या उकिरड्यात भुंगे पोसले आणि बाईमाणसावर आळ घेतला?"

"म्हणेल. चार दिवस म्हणेल आणि विसरेल. काकीचा माड मात्र पुन्हा उभा राहायचा नाही."

"तोंड बंद ठेव!" तो ओरडला. त्याने अळ्या परत आत लोटल्या आणि वर ताजं शेण थापलं.

सोमवारी देऊळ माणसांनी भरलं होतं. माडवाल्याने नारळ उचलला.

"माझ्याकडे बघून बोल," काकी म्हणाली.

तो जमिनीकडे बघत राहिला, आणि एवढ्या मोठ्याने ओरडला की देवळातली कबुतरं उडाली. "माझ्या परसात काही नाही!"

दुपारी काकीचा माड पडला. माडवाल्याने जिंकल्याच्या तोऱ्यात त्याचे ओंडके आपल्या कुंपणाकडेला रचून घेतले. काकी दारात उभी होती. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "माझा माड तर पडला. आता तुझे भुंगे कोणाच्या नावावर खपवशील?"

मग तिने दाराला कडी घातली आणि ती लेकीच्या गावी निघून गेली.

पुढचा पावसाळा आला. ओंडके भिजले, कुजले, आणि भुंग्यांना दुसरं घर मिळालं. उकिरडा उपसला असता तर अजून काही माड वाचले असते. पण उपसला तर शेजारपाजारचे बघतील! म्हणून माडवाला रोज झाडावर चढे, आकड्याने भुंगे ओढी, त्यांना शिव्या घाली आणि चिरडी. एक मारावा, तर चार येत. एकेका माडाचा शेंडा झडला, आणि शेंडा गेला की माड गेला. शेवटी परसात नुसते नऊ खांब उरले.

त्या दिवशी बायकोने कुदळ उचलली. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, तिने उकिरडा फोडला. अळ्यांचा अंगणभर सडा पडला. गाव कुंपणाशी गोळा झालं. पंचही आले, आणि मान खाली घालून उभे राहिले. चौकशी न करता माड पाडणारे तेही होतेच.

माडवाला घरातून तरातरा बाहेर आला. रागाने लाल झाला होता. सवयीने तो काकीच्या घराकडे वळला आणि ओरडला, "हे सगळं तुझ्यामुळे—"

पलीकडे दाराला कडी होती. अंगणात गवत माजलं होतं. शिवी त्याच्या तोंडातच राहिली. मागे त्याची बायको कुदळ चालवतच होती.

तात्पर्य: चूक कळल्यावरही जो ती झाकतो आणि तिची शिक्षा निरपराधाला होऊ देतो, तो कीड मारत नाही, पोसतो.